दाखला देण्यापूर्वी



या पानावर दरवेळी मी शाळेचा निकाल, स्नेहसंमेलन, विज्ञान प्रदर्शन यांविषयी लिहिते. या अंकात मात्र मला माझ्या एका चुकीविषयी लिहायचे आहे.

पालक-शिक्षक संघाच्या मागच्या बैठकीत एका पालकांनी उभे राहून विचारले, "बाई, दंगेखोर मुलांना तुम्ही शाळेत ठेवताच कशाला? दाखला देऊन मोकळ्या का होत नाही?" प्रश्न रोखठोक होता. त्यांचा लहानगा मार खाऊन घरी आला होता, त्यामुळे रागही रास्त होता. मी बैठकीत थोडक्यात उत्तर दिले, पण ते पुरेसे नव्हते हे मला तेव्हाच कळत होते. दाखला देऊन मोकळे होणे म्हणजे काय, ते मला चांगले ठाऊक आहे. एकदा मी तशी मोकळी झाले आहे.

मी मूळची इंदूरची. घरात मराठी, पण शाळा आणि कॉलेज सगळे हिंदी माध्यमातले. लग्न होऊन गोव्यात आले आणि शिक्षिका झाले, तेव्हा फळ्यावरच्या माझ्या ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका मुलेच दाखवून देत. मी शिकले त्या काळी गुरुजींच्या हातात रूळ असे आणि मोठ्यांच्या तोंडी एक म्हण असे, "लातों के भूत बातों से नहीं मानते." इकडे आल्यावर तिची मराठी बहीण भेटली, "जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही." या दोन म्हणींच्या आधारावर मी वीस वर्षे नोकरी केली. २००३ मध्ये गोव्याचा बाल कायदा आला आणि शाळेत मुलांना मारणे बंद झाले. पुढे २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानेही शारीरिक शिक्षेला आणि मानसिक छळाला मनाई केली. मी छडी कपाटात ठेवली. डोक्यातल्या म्हणी मात्र तिथेच राहिल्या.

गोष्ट २०१३ ची. तेव्हा मी डिचोली तालुक्यातल्या एका शाळेत नुकतीच मुख्याध्यापिका झाले होते. नववीत एक मुलगा होता. मारामाऱ्या, सायकलींची कुलपे तोडणे, वर्गातल्या मुलांचे पैसे काढून घेणे, शिक्षकांना उलट बोलणे, असा रोजचा एक तरी कागद माझ्या टेबलावर येई. त्याच्या वडिलांचा खनिज वाहतुकीचा ट्रक होता, बँकेचे कर्ज काढून घेतलेला. सप्टेंबर २०१२ मध्ये खाणी बंद झाल्या आणि ट्रक अंगणात उभा राहिला. त्या वर्षी डिचोलीत अशा किती अंगणांत ट्रकच्या चाकांभोवती गवत वाढले होते, ते जुन्या वाचकांना आठवत असेल. मला ते दिसत होते, पण त्याचा आणि माझ्या टेबलावरच्या कागदांचा काही संबंध असेल असे तेव्हा वाटले नाही.

एके दिवशी त्याने एका मुलाच्या दंडात कंपासचे टोक खुपसले. आम्ही बैठक घेतली आणि अर्ध्या तासात निर्णय झाला. वडील आले. काही बोलले नाहीत. मी दाखला पुढे केला, त्यांनी तो चार घड्या करून शर्टाच्या खिशात ठेवला आणि ते गेले. शाळेच्या नोंदवहीत "शाळा सोडण्याचे कारण" असा एक रकाना असतो. त्यात मी माझ्या हाताने लिहिले, "पालकांच्या विनंतीवरून."

त्या दिवशी शिक्षक खोलीत चहा झाला. सगळ्यांनी सुटकेचा श्वास सोडला. मीही सोडला.

सहा वर्षांनी, २०१९ मध्ये, म्हापशाच्या बस स्टँडवर उतरले. घाईत होते. एका मोटारसायकल पायलटने हटकले, "बाई, खंय वचपाचें?" मी जिल्हा इस्पितळाचे नाव सांगितले आणि मागे बसले. उतरल्यावर त्याने हेल्मेट काढले, तेव्हा ओळख पटली. भाडे घेतले, सुटे पैसे मोजून परत दिले. मी विचारले, "पुढं शिकलास का रे?" तो म्हणाला, "दोन शाळांत विचारलं, बाई. वर्षाच्या मध्येच दाखला का म्हणून त्यांनी घेतलं नाही. मग सोडून दिलं." आणि मोटारसायकल वळवता वळवता म्हणाला, "त्या दाखल्यावर पालकांच्या विनंतीवरून असं लिहिलं होतं. बाबांनी विनंती केली नव्हती."

त्याच्या आवाजात राग नव्हता. असता तर मला बरे वाटले असते.

त्यानंतर मी या विषयावर जे मिळेल ते वाचायला लागले. २०२० च्या टाळेबंदीत पुण्याच्या माझ्या भाचीने मला अमेरिकेतल्या येल विद्यापीठाचे मानसशास्त्रज्ञ अॅलन काझदिन यांचा पालकांसाठीचा अभ्यासक्रम कोर्सेरावर लावून दिला. माझे इंग्रजी बेताचेच. एकेक व्याख्यान तीन-तीनदा ऐकले आणि शब्दकोश जवळ ठेवून हिंदी-मराठीत टिपणे काढली. त्या टिपणांतून आणि नंतर आपल्या समुपदेशक ताईंशी झालेल्या बोलण्यातून जे कळले, ते आज तुमच्यापुढे ठेवते.

पहिली गोष्ट म्हणजे, प्रत्येक खोडकर मुलाला विकार नसतो. मधली सुट्टी संपल्यावर उशिरा येणारा, वर्गात विमान उडवणारा, आईला उलट उत्तर देणारा मुलगा हा मुलगाच असतो. मानसोपचारात ज्याला वर्तन-विकार म्हणतात, त्याच्या खुणा चार प्रकारच्या असतात. माणसांना किंवा जनावरांना इजा करणे, वस्तूंची नासधूस, फसवणूक व चोरी, आणि रात्री घराबाहेर राहणे, वारंवार शाळा बुडवणे असे गंभीर नियमभंग. डॉक्टरांच्या पुस्तकात या चार प्रकारांत मिळून पंधरा लक्षणे आहेत. त्यांतली किमान तीन गेल्या वर्षभरात आणि एक तरी गेल्या सहा महिन्यांत दिसली, शिवाय त्यामुळे मुलाचे घरी, शाळेत वा मित्रांत खरोखर बिघडत असले, तरच हा विचार करायचा. आणि तो विचार करायचा डॉक्टरांनी, मुख्याध्यापिकेने नव्हे. कित्येकदा या वागण्यामागे वाचता न येणे, अतिचंचलता, घरातली मारहाण, व्यसन किंवा कोणीतरी केलेले शोषण दडलेले असते. ते शोधल्याशिवाय नाव चिकटवणे हा दुसरा अन्याय होतो.

दुसरी गोष्ट दिलासा देणारी आहे. न्यूझीलंडमधल्या डुनेडिन गावात १९७२-७३ मध्ये जन्मलेल्या हजारावर मुलांचा अभ्यास आजतागायत चालू आहे. त्याच्या आधारे टेरी मॉफिट यांनी १९९३ मध्ये मांडले की, किशोरवयात बिघडलेली बहुतेक मुले वय वाढेल तशी सावरतात. लहानपणापासून शेवटपर्यंत तशीच राहणारी थोडी असतात. पण त्यांनी आणखी एक इशारा दिला आहे. सावरू शकणारा मुलगाही मध्येच अडकून पडतो, ते शिक्षण सुटले, व्यसन लागले किंवा पोलिसांत नाव गेले की. म्हापशाचा तो पायलट मला इथे आठवला. त्याची खोड कदाचित गेलीच असती. मी दिलेला कागद मात्र त्याला चिकटून राहिला.

तिसरी गोष्ट घरातली आहे, आणि ती वाचताना कोणी रागावू नये. ओरेगनचे जेराल्ड पॅटरसन यांनी अनेक वर्षे घराघरांत जाऊन आईवडील आणि मुले यांचे रोजचे बोलणे टिपले. १९८२ च्या आपल्या पुस्तकात त्यांनी एक चक्र दाखवले. आई म्हणते, अभ्यासाला बस. मुलगा कुरकुरतो. आई ओरडते. मुलगा भांडे आपटतो. दमलेली आई म्हणते, जा, मर तिकडे, घे मोबाईल. त्या क्षणी घर शांत होते. मुलगा काय शिकला? आपटले की मोबाईल मिळतो. आणि आई काय शिकली? मोबाईल दिला की शांतता मिळते. दोघांनाही बक्षीस मिळाले, म्हणून उद्या पुन्हा तेच, थोड्या वरच्या आवाजात. कधी वडील मध्ये पडून बडवतात. मग मुलगा शिकतो की, ज्याचा हात मोठा त्याचे खरे. शाळेत त्याचा हात पाचवीतल्या मुलापेक्षा मोठा असतो.

चौथी गोष्ट मुलाच्या डोक्यातली. केनेथ डॉज या मानसशास्त्रज्ञाने १९८० मध्ये एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. मुलांना सांगितले, तुम्ही लावत असलेले कोडे दुसऱ्या मुलाने मोडले. ते मुद्दाम मोडले की चुकून, हे स्पष्ट नव्हते. मारकुट्या मुलांना वाटले, मुद्दामच मोडले. आपल्या व्हरांड्यात कोणाचा धक्का लागून कोणाची पाण्याची बाटली पडली, तर दहापैकी नऊ मुले "ए, बघून चाल" म्हणतात. दहावा मात्र मारायला धावतो. त्याला खरोखरच तो हल्ला वाटलेला असतो. त्याला "मारू नकोस" सांगून उपयोग नाही. "मुद्दाम केलं की चुकून, हे तू कशावरून ठरवलंस?" असे विचारायला शिकवावे लागते.

आता आपल्या शाळेतली गोष्ट सांगते. मुलगा आता शाळेतून बाहेर पडला आहे. त्याच्या आईच्या परवानगीने आणि काही तपशील बदलून लिहीत आहे.

२०२२ मध्ये तो आठवीत होता. वडील बोटीवर, वर्षातून काही महिने घरी. आई मोरजीच्या एका हॉटेलात कामाला, रात्री उशिरा परतणारी. घरी आजी. मोपाच्या विमानतळाचे काम संपत आले होते, किनाऱ्यावर नवी हॉटेले उठत होती, पेडण्यात पैसाही येत होता आणि नव्या सवयीही. मुलगा संध्याकाळी किनाऱ्यावर मोठ्या मुलांत असे. शाळेत त्याने पाचवीतल्या मुलांकडून पैसे घेतले, बसची काच दगडाने फोडली, आवारातल्या कुत्रीच्या पिल्लांना इतके मारले की एक दगावले. एक रात्र तो घरी आलाच नाही. शिक्षकांच्या बैठकीत सर्वांचे एकच मत पडले. नोंदवही टेबलावर होती, तो रकाना रिकामा होता आणि पेन माझ्या हातात होते. मी म्हटले, "मला एक सत्र द्या." एक ज्येष्ठ सर स्पष्टच म्हणाले, "बाई, तुमच्या प्रयोगाची किंमत लहान मुलं देणार." त्यांचे म्हणणे खोटे नव्हते. म्हणून पहिले काम आम्ही लहान मुलांसाठी केले. बसमध्ये त्याची जागा चालकाच्या मागे ठरवली, मधल्या सुट्टीत एक शिक्षक पाचवीच्या व्हरांड्यात उभा राहू लागला, आणि ज्यांचे पैसे गेले त्या प्रत्येक पालकाला मी स्वतः भेटले. मार खाणाऱ्याला आधी सुरक्षित करणे आणि मग मारणाऱ्याला सुधारणे, हा क्रम चुकता कामा नये.

माझ्या मनात आले होते की, अशी चार-पाच मुले निवडून शनिवारी त्यांचा एक खास वर्ग घ्यावा. समुपदेशक ताईंनी लगेच अडवले. गोवा शिक्षण विकास महामंडळाच्या योजनेतून समुपदेशक शाळाशाळांत जातात हे आपल्याला माहीत आहेच. त्यांनी सांगितले की, १९९९ मध्ये टॉम डिशियन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले आहे, बिघडलेल्या किशोरांना एकत्र बसवून दिलेले शिक्षण कधीकधी उलटे फिरते. मुले एकमेकांच्या धाडसाला हसून दाद देतात आणि तेच शिकतात. मी मनात मोजले, "मागचा बाक" म्हणून मी किती वर्षे नेमके तेच करत आले होते!

मग आम्ही तीन ठिकाणी काम सुरू केले. पहिले मुलाशी. आठवड्यातून एकदा ताईंसमोर तो बसे. आठवड्यातला एक खरा प्रसंग घ्यायचा आणि पायऱ्या बोलून दाखवायच्या. अडचण काय? मी काय काय करू शकतो? प्रत्येकाने काय होईल? त्यातले एक निवडून करून बघू. मग तो प्रसंग नाटकासारखा वठवायचा. पेडण्याच्या मुलाला दशावतार काही शिकवावा लागत नाही! धक्का देणारा तो, धक्का खाणारे आमचे पी.टी. सर, मग उलट. पहिल्या दिवशी त्याने तीन पर्याय सांगितले, "मारीन. नंतर मारीन. भावाला सांगून मारीन." ताई हसल्या नाहीत. म्हणाल्या, "तीन झाले, चौथा शोध."

अशी पायऱ्यांची पद्धत आपल्या गोव्याला नवी नाही. १९९६ मध्ये गोव्यात सुरू झालेल्या संगाथ या संस्थेने गोवा आणि दिल्ली इथल्या शाळांत किशोरांसाठी समस्या सोडवण्याचे समुपदेशन तयार केले, आणि ते मानसशास्त्राची पदवी नसलेले पण प्रशिक्षण घेतलेले समुपदेशक देऊ शकतात का हे तपासले. दिल्लीच्या सरकारी शाळांतील सुमारे अडीचशे विद्यार्थ्यांवर केलेल्या त्यांच्या चाचणीचा निष्कर्ष २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. सहा आठवड्यांनी मुलांनी स्वतः सांगितलेल्या अडचणी कमी झाल्या होत्या, मात्र मानसिक लक्षणांच्या एकूण मोजमापात तेव्हा ठळक फरक नव्हता. ते काम खास वर्तन-विकारासाठी नव्हते. ते प्रामाणिकपणे सांगितलेले बरे. उपाय आहेत, जादू नाही.

दुसरे काम शाळेत. त्याच्या नावाचे एक कार्ड केले. त्यावर तीनच गोष्टी होत्या. हात स्वतःजवळ ठेवले. सांगितलेले काम सुरू केले. राग आला तेव्हा बाहेर जाऊन पाणी प्यायला. प्रत्येक तासाला शिक्षकांनी खूण करायची आणि शाबासकी द्यायची. शाबासकीचेही शास्त्र आहे. "शहाणा मुलगा" असे म्हणायचे नाही. "तो तुला चिडवत होता तरी तू हात उचलला नाहीस, हे छान केलंस" असे लगेच, नेमके आणि मनापासून म्हणायचे. आम्हा शिक्षकांना हे सर्वांत जड गेले. दिवसातून तीसदा रागावणे सोपे, तीनदा नेमके कौतुक करणे कठीण. शिक्षा होती, पण छोटी आणि ठरलेली. काचेचे पैसे त्याने शाळेच्या बागेत शनिवारी काम करून फेडले.

तिसरे काम घरचे, आणि तेच मुख्य. आई आणि आजी दर आठवड्याला येऊ लागल्या. आईने त्यासाठी हॉटेलातल्या पाळ्या बदलून घेतल्या. पगार कापला गेला, हे मला फार नंतर कळले. त्यांना उपदेश केला नाही, सराव करवून घेतला. एक सूचना एकदाच, जवळ जाऊन, शांत आवाजात द्यायची. ऐकले तर लगेच कौतुक. नाही ऐकले तर त्या संध्याकाळपुरता मोबाईल नाही, त्यावर वाद नाही. आजी पहिल्या दिवशी म्हणाल्या, "बाई, बाप नाही जवळ, आई नाही जवळ. पोराला मी नाही म्हणू कशी?" ताईंनी त्यांना मुलगा केले आणि स्वतः आजी झाल्या. आजींनी नातवाची अशी नक्कल केली की सगळे पोट धरून हसलो. मग हसता हसता त्यांच्या डोळ्यांत पाणी आले. म्हणाल्या, "मी रोज त्याला हेच शिकवते की काय?" वडिलांशी फोनवर बोललो. रजेवर आल्यावर पट्टा काढायचा नाही, एवढेच त्यांच्याकडून वचन घेतले. ते त्यांनी एकदा मोडले, आणि स्वतःच फोन करून सांगितले.

फरक कधी दिसला? पहिले तीन आठवडे उलट जास्त बिघडले. मोबाईल मिळत नाही म्हटल्यावर त्याने घरातले टीव्हीचे काचकपाट फोडले. नेहमीची युक्ती चालेनाशी झाली की मूल ती आधी आणखी जोराने करून बघते, हे ताईंनी आधीच सांगितले होते म्हणून आम्ही टिकलो. दिवाळीनंतर कार्डावरच्या खुणा वाढल्या. मार्चमध्ये त्याने पुन्हा चोरी केली. ज्येष्ठ सर माझ्याकडे बघून काही बोलले नाहीत. मी पुन्हा नोंदवही मागवली नाही, एवढेच. मधल्या काळात बांबोळीच्या मनोविकार आणि मानवी वर्तन संस्थेत त्याची तपासणीही झाली. १९८० पासून ही संस्था गोव्यात आहे, पण "बांबोळी" म्हटले की आपल्याकडे अजून आवाज खाली जातो. तिथे कळले की त्याला वाचनाचीही अडचण आहे. आठवी गाठेपर्यंत आमच्यापैकी एकाच्याही ते ध्यानात आले नव्हते! वर्गात मोठ्याने वाचायला सांगितले की तो नेमका भांडण काढी. आम्ही त्याला बाहेर काढत असू. त्याला हवे होते तेच आम्ही देत होतो.

शेवट गोड करून सांगत नाही. २०२५ च्या दहावीत त्याचे गणित राहिले, पुरवणी परीक्षेत सुटले. आता तो आयटीआयमध्ये आहे. आई म्हणते, अजून खोटे बोलतो, पण आता पकडला गेला की कबूल करतो. नववी-दहावीत त्याने कोणावर हात उचलल्याची एक तक्रार आली, पूर्वी आठवड्याला तीन येत. एवढाच हिशेब आहे. त्या ज्येष्ठ सरांनी निवृत्तीच्या दिवशी मला सांगितले, "बाई, मला अजून तुमचं पटलेलं नाही. पण तो पोरगा परवा बाजारात भेटला, माझी पिशवी उचलून घेतली त्यानं." त्यांचे न पटणे मी मान्य करते. पिशवीही मान्य करते.

आता त्या पालकांच्या प्रश्नाचे उत्तर. दंगेखोर मुलाला आम्ही शाळेत ठेवतो, कारण दाखला दिल्याने त्याचे वागणे जात नाही, फक्त आपल्या फाटकाबाहेर जाते. ते किनाऱ्यावर जाते, दुसऱ्याच्या गल्लीत जाते, आणि एक दिवस पुन्हा आपल्याच मुलाच्या वाटेवर उभे राहते. मात्र तुमच्या मुलाने मार खाऊन गप्प बसावे, असा याचा अर्थ नाही. त्याची सुरक्षितता ही माझी जबाबदारी आहे. त्यात कमी पडले तर माझ्या खोलीत येऊन मला विचारा, तो तुमचा हक्क आहे.

आणि ज्यांच्या घरी असे मूल आहे, त्यांना विनंती, लपवू नका. लहानपणी जेवढे लवकर याल, तेवढे काम सोपे. ब्रिटनमधल्या आरोग्य मार्गदर्शक सूचनांतही लहान वयात पालकांच्या प्रशिक्षणावर भर आहे. मोठ्या वयात घर, शाळा आणि मित्रमंडळी अशा सगळ्या बाजूंनी काम करावे लागते. बोलायला कोणी नसेल तर १४४१६ या टेली-मानस क्रमांकावर फोन करा. मुलावर अत्याचार होत असेल तर १०९८ आहे. समुपदेशक ताईंची दारावरची पाटी मी मुद्दाम कार्यालयाशेजारून हलवून वाचनालयाशेजारी लावली आहे. तिथे जाताना कोणी "का गेलास?" असे विचारत नाही.

तुम्हा सर्वांना एक छोटा गृहपाठही देते. आज रात्री आपल्या मुलाने केलेली एक चांगली गोष्ट शोधा आणि ती नेमक्या शब्दांत त्याला सांगा. फक्त एक. "पण" हा शब्द पुढे जोडू नका. बघा, किती अवघड जाते!

जुन्या शाळेतली ती नोंदवही आता माझ्या हाती नाही, तो रकाना दुरुस्त करता येत नाही. म्हणून हे इथे लिहिले. बाबांनी विनंती केली नव्हती. निर्णय माझा होता.

आपली,
मुख्याध्यापिका